आंबट मातीची पुडी

ये वं पोरी, बस अशी जवळ. कागदातून कोणाला जवळ बसवता येत नाही हे मलाही कळतं, पण मी बोलते तसंच लिहिते, तेव्हा तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिणार. आधी तुझा कान धरायचा आहे. परवा फोनवर तुझ्या कामाचं सांगताना काय म्हणालीस? "आजी, आता शेत कोणतं, जंगल कोणतं, पडीक जमीन कोणती, हे माणसाला पाहावंच लागत नाही. वरून फोटो येतो आणि मशीन रंग भरून देतं." एवढं म्हणालीस आणि ठेवून दिलास फोन. काहून वं? ज्या आजीनं वीस वर्षं हातानं ते रंग भरले, तिला एवढंच सांगून फोन ठेवायचा असतो?

रागावले नाही मी. पण त्या दिवसापासून आमचे साहेब काही डोळ्यांपुढून हलेनात. त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात नावं छापायची रीत होती, कोणी काढला, कोणी तपासला. तिथं साहेब स्वतःचं नाव कधी येऊ देत नसत. म्हणायचे, "जमिनीचं नाव नीट टाका. माह्या नावावाचून कोणाचं काय अडून राह्यलं?" मग आता मी तरी कशाला टाकू.

आमचं ऑफिस इथलंच, नागपुरातलं. काम असं, की कोणती जमीन कशाखाली आहे ते ठरवायचं, कापूस, संत्रा, जंगल, वस्ती, पाणी, पडीक, आणि नकाशावर त्या त्या रंगानं दाखवायचं. साहेब त्या विभागाचे प्रमुख. काटोलकडचे. खूप शिकलेले, पण बोलायचे घरच्यासारखं. दिल्लीहून पाहुणे आले तरी "मले असं वाटते" असंच सुरू.

मी तिथं लागले ती सातवी पास. तुझ्या आजोबांची गिरणी तेव्हा महिना महिना बंद राहायची. माझा हात स्थिर, ब्लाऊजवर बारीक भरतकाम करायची, म्हणून कोणीतरी सुचवलं. मुलाखतीच्या रांगेत सगळ्या मॅट्रिक झालेल्या मुली. साहेबांनी सगळ्यांना एकच विचारलं, "घरून इथपर्यंत येताना काय काय लागलं, सांगा." कोणी चौक सांगितले, कोणी पुतळे, कोणी सिनेमाचं थिएटर. मला वाटलं, हे खरंच काय काय लागलं ते विचारतायत. मी सांगत गेले. आधी आमच्या चाळीमागं राखेचं मैदान, मग दोन चिंचा, मग कोरडा नाला, नाल्यात कोणीतरी पालक लावलेला, मग गवत, तिथं म्हशी. साहेबांनी लिहिणं थांबवलं.

"पालक किती होता?"

"दोन खाटा मावतील एवढा."

"उद्यापासून या."

त्यांच्याजवळ एक काळी छत्री होती. ती उघडलेली आमच्यापैकी कोणी पाहिली नाही. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि छत्री बगलेत, मिटलेली. तिच्या मिटल्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं वीत वीत अंतरावर टाके घातले होते. शेताचा बांध, झाडाचा घेर, सगळं ते छत्रीनं मोजायचे. आमच्या टिपणवहीत खरोखर लिहिलेलं असायचं, "नाला, सहा छत्र्या." पाऊस आला तर भिजत उभे राहायचे. कोणी म्हटलं, साहेब, उघडा ना, तर उत्तर तयार. "मापाची वस्तू हाय ते. पाण्यानं फुगन."

आणि माती. जिथं जातील तिथली चिमूटभर माती आधी हुंगायची, मग जिभेच्या टोकावर ठेवायची. मग वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधायची आणि पुडीवर गावाचं नाव आणि एक शब्द. "खारट." "लोखंडी." "खोटी." खोटी म्हणजे वरून काळी आणि खाली नुसता मुरूम. टेबलाच्या तीन ड्रॉवरांत या पुड्या आणि चौथ्यात जेवणाचा डबा. एकदा जेवताना मिठाची समजून त्यांनी भलतीच पुडी वरणावर उघडली. आम्ही बायका तोंडाला पदर लावून बसलो. साहेबांनी घास घेतला, चावला, जरा थांबले आणि म्हणाले, "सावनेर." आणि पुढचा घास घेतला.

पण त्यांचा खरा हट्ट होता तो करड्या रंगाचा. पडीक जमिनीला आमच्याकडं फिका करडा रंग. बाकी सगळ्या शाईच्या बाटल्या आमच्या टेबलांवर, करड्याची एकटी बाटली साहेबांच्या कपाटात, कुलपात. हवी असेल तर मागायला जायचं. गेलं की ठरलेला प्रश्न, "कोणाले विचारलं?"

"फोटोत दिसतं ना साहेब, काही नाही तिथं."

"फोटोले काही दिसलं नाई, हे समजलं. कोणाले विचारलं, हे मी विचारून राह्यलो."

मग जीप निघायची. ते स्वतः त्या जमिनीवर जाऊन उभे राहत, चालत, माती चाखत, आणि मगच बाटली मिळे. ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायची. एकदा मी विचारलंच, एवढं काय आहे या एका रंगात? तर म्हणाले, "बाई, जमीन एकदा पडीक म्हणून कागदावर चढली का तिले कोणीबी मागते. कारखान्याले मागते, गोदामाले मागते. मागणाऱ्याच्या हातात नकाशा राहते. जो तिथी रोज बसते त्याच्या हातात काय राहते?"

उमरेडचा तुकडा माझ्याकडं होता. तेव्हा विमानातून काढलेल्या फोटोंवर काम चालायचं. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांचं यंत्र, त्यातून पाहिलं की झाडं, घरं, टेकड्या उभ्या राहतात. गावाच्या कडेला एक दोन एकरांचं मोकळं मैदान होतं. ना झाड, ना पीक. पण त्यात केसाएवढ्या बारीक, पांढुरक्या दोन रेघा होत्या. सरळ, एकमेकींच्या शेजारून गेलेल्या. फोटोवर ओरखडे पुष्कळ असतात, पण ओरखडा असला तर एकाच फोटोत असतो. मी दोन्ही फोटो वेगवेगळे घेऊन पाहिले. दोन्हीत होत्या. मी पेन्सिलीनं त्या कागदावर उतरवून घेतल्या.

तेवढ्यात साहेब जाऊन आले. "उभा राह्यलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. कोणी नाई, काही नाई. पडीक." नवी पुडी ड्रॉवरमध्ये गेली आणि बाटली माझ्या हातात आली. आता साहेब स्वतः उभे राहून आलेले, त्यात माझ्या दोन रेघांचं काय एवढं? ब्लेड घेतलं, रेघा खरवडल्या, करडा रंग भरला.

पाच-सहा वर्षं गेली आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात गेल्यासारखं. त्याच्याबरोबर एक तरुण इंजिनियर आले, त्यांना आम्ही छोटे साहेब म्हणायचो. आता फोटो विमानातून नाही, उपग्रहावरून यायचे, आणि त्यात हिरवं झाड लाल दिसायचं. साहेबांनी असा एक छापील फोटो काटोलला नेऊन एका बागवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "साहेब, आमची बाग पेटली का जी?" ही गोष्ट साहेब पुढं महिनाभर सांगत होते.

हे मशीन आपोआप काही ओळखत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला आधी दाखवावं लागतं. हे बघ बाबा, हे पाणी, हे जंगल. तेवढे चौकोन नेमून दिले की त्यांच्यासारखे दिसणारे जिल्ह्यातले सगळे चौकोन ते शोधतं आणि तोच रंग भरतं. त्या वेळी एका चौकोनात पाव एकराला थोडी कमी जमीन यायची. छोटे साहेब म्हणाले, "सर, पडीकसाठी एकदम पक्की जागा द्या. जिथं शंकाच नाही अशी."

साहेबांनी फार विचार केला नाही. "उमरेडचं मैदान घ्या. त्याच्यात मी सोता उभा राह्यलो हाय."

नऊ चौकोन. त्या नवांवरून मशीन शिकलं की पडीक म्हणजे काय. काही दिवसांत अख्खा जिल्हा रंगून पडद्यावर आला. करड्याची बाटली आता कोणाला मागावी लागत नव्हती.

आणि मग एक दिवस ती बाई आली. साठीची असेल, उमरेडहून एसटीनं आलेली, हातात एक घडी केलेला कागद. त्या मैदानावर गोदाम बांधायचं ठरलं होतं आणि नोटिशीत लिहिलं होतं की आमच्या आधीच्या नकाशाप्रमाणे जागा पडीक आहे. हरकत घ्यायला दहा दिवस उरलेले. ती सरळ आमच्या खोलीत शिरली.

"नकाशा कोनी काढला जी?"

साहेब उठले. "आम्हीच काढला. बसा माय."

"बसाले नाई आली. तिथी काहीच नाई म्हून लिवलं तुमी. आमी इनकरांची पंधरा घरं तिथी लुगड्याच्या सुताचा ताना पसरतो. माह्या सासऱ्याच्या बापापासून पसरतो."

"मी येऊन गेलो बाई. कोणीच नव्हतं."

"किती वाजता आलते?"

"बारा वाजले असन."

"बाराले!" ती हसलीच. आमच्याकडं वळून म्हणाली, "पाहा वं बाया! बाराले कोन राह्यते तिथी? उजाडलं का ताना पसरतो, खळ लावतो, अन् ऊन चढाच्या आधी गुंडाळून घरी. कडक ऊन लागलं का सूत तुटते. माही चूल बी दुपारी रिकामी दिसते जी, म्हून का घरात कोनी जेवत नाई?"

साहेबांची नजर तिच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवर वाळलेल्या खळीचा पांढरा पापुद्रा होता. "हात जरा पुढं करता का, माय?" ती बिचारी गोंधळली, पण केला पुढं. साहेबांनी सगळ्यांदेखत वाकून तो हात हुंगला. मग तिसरा ड्रॉवर उघडला, दोन्ही हातांनी पुड्या उपसल्या आणि एक शोधून काढली. कागद पिवळा पडलेला. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, "उमरेड. आंबट?"

त्यांनी ती माती जिभेवर ठेवली. "खळ," ते म्हणाले. "इतक्या वर्षांपासून आंबलेल्या खळीचं पाणी गळून राह्यलं त्या जमिनीवर. माह्या जिभेनं मले तवाच सांगतलं होतं. मी प्रश्नचिन्ह लावलं अन् ड्रॉवरात ठेवून देलं."

छोटे साहेब दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "सर, उपग्रह जेव्हा जेव्हा येतो, सकाळी दहाच्या सुमाराला येतो. त्यालाही ते कधीच दिसणार नाही." खरंच की. विमान फोटो काढायचं तेही ऊन वर आल्यावर. आणि आमची जीप निघायची हजेरीपटावर सह्या झाल्या की. त्या मैदानाकडं पाहणारे आम्ही सगळेच उशिरा पोचणारे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं साहेब आणि मी उमरेडला गेलो. पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पोरी, काय सांगू तुला! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे पसरलेले, जांभळे, हळदी, हिरवे, कमरेएवढ्या उंचीवर बांबूंवर पेललेले. दोन्ही बाजूंनी बायामाणसं मोठाले कुंचे घेऊन चालतायत, इकडच्यानं आणि तिकडच्यानं एका चालीनं, नाही तर खळ सारखी बसत नाही. कोणी तुटलेला धागा जोडतंय, कोणी ओरडतंय, "ओढ ना वं, झोपली का!" आणि पिढ्यान् पिढ्या चालून पायांखाली दोन वाटा पडलेल्या. सरळ. शेजारी शेजारी. खळीनं पांढुरक्या.

मी म्हटलं, "साहेब, या रेघा मला फोटोत दिसल्या होत्या."

"दोन्ही फोटोत?"

"दोन्हीत."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुम्ही जाऊन आला होता ना."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मग छत्री जमिनीत टेकवून म्हणाले, "म्हणजे मी तिथी उभा राह्यलो, अन् तुमच्या डोळ्यांवर हात ठेवला." एवढंच. मग वाकून त्या दोन वाटांमधलं अंतर मोजलं. "दोन छत्र्या. लिहा." मी लिहिलं.

परत आल्यावर ते आमच्या सगळ्यांच्या वरच्या, मोठ्या साहेबांकडं गेले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मोठे साहेब म्हणत होते, नवा नकाशा छापायला गेला, एका मैदानासाठी परत घेतला तर सगळ्याच कामावर लोक शंका घेतील. पुढच्या खेपेला दुरुस्त करू.

"पुढच्या खेपेपर्यंत गोदाम उभं राहीन."

"ते आपलं काम नाही. आणि तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली. पुढं सल्लागार म्हणून ठेवायचं मी वर बोललोय. आता हे कशाला?"

साहेब बाहेर आले. टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला. मी समोरच होते. लिहिलं, की उमरेडच्या या मैदानाला पडीक ठरवणं चुकीचं आहे. ही चूक माझी आहे. मी दुपारी बारा वाजता गेलो होतो. पाहायचं असेल त्यांनी सकाळी सहा ते नऊ या वेळात यावं. आणि खाली नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं नाव कुठं टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो कागद त्यांनी स्वतः उमरेडला नेऊन त्या बाईच्या हातात दिला.

हरकत ऐकणारा अधिकारी खरंच सकाळी आला. पँटीला खळ लागली म्हणून कुरकुरला म्हणे, पण आला, आणि पाहिलं. गोदाम दुसरीकडं गेलं. साहेबांच्या सल्लागारपणाचं मात्र पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

शेवटचे चार महिने त्यांनी काय केलं माहीत आहे? त्या नऊ चौकोनांवरून मशीननं जिथं जिथं करडा रंग भरला होता, त्यातल्या जमतील तेवढ्या जागा उजाडता उजाडता जाऊन पाहिल्या. छोटे साहेब आधी म्हणायचे, "सर, ताणा पसरायची जागा असा वर्गच आपल्या यादीत नाही," पण मग तेच स्वतःची स्कूटर काढून साहेबांना मागं बसवून न्यायला लागले. एक जागा निघाली गावाची गुरं सकाळी गोळा होतात ती. एक निघाली आठवडी बाजाराची, बुधवारी भरणारा बाजार, आणि आम्ही शुक्रवारी गेलेलो. बाकीच्या बऱ्याचशा खरंच पडीक होत्या, हेही सांगते. पण तपासणीच्या प्रत्येक कागदावर साहेबांनी पेनानं वेळेचा एक रकाना वाढवला. "कोणाले विचारलं?" हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. आता विचारायचे, "किती वाजता?" आणि माझ्यापाशी येऊन आणखी एक विचारायचे, "बाई, मी गेलो नसतो तर तुमी काय लिहिलं असतं?" आणि मी सांगेपर्यंत उभे राहायचे.

निरोपाच्या दिवशी उमरेडहून एक दुपट्टा आला. साहेबांनी तो उघडला आणि सगळ्यांसमोर नाकाला लावला. आम्ही वाट पाहत होतोच. म्हणाले, "उमरेड."

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ड्रॉवर रिकामे करताना ती पिवळी पुडी त्यांनी माझ्या हातात ठेवली होती, ती अजून माझ्या पेटीत आहे. माझ्या नाकाला आता वास कळत नाही. तू सांग, आंबट आहे का. आणि ते तुझं मशीन कोणाकडून शिकलं, तो माणूस तिथं किती वाजता गेला होता, एवढं विचारून ये. नुसतं हसू नको, विचार.

एक शेवटचं. तू येतेस ती सकाळच्या विमानानं. बाराला घरी. तेव्हा मी भिंतीला टेकून डुलक्या घेत असते. तू जेवतेस, फोनकडं बघतेस, संध्याकाळी परत. आणि तुझ्या आईला सांगतेस, आजी दिवसभर नुसती बसून असते. तिनं सांगितलं मला. अगं, धुण्याभांड्याच्या कामावर जायच्या आधी आपल्या वस्तीतल्या चार बाया माझ्याकडं वाचायला शिकतात. सहाला येतात, आठला जातात. एकीनं तर परवा बसची पाटी स्वतः वाचली आणि मला फोन करून सांगितलं. तू तिला कधी पाहिलं आहेस का? कशी पाहशील?

म्हणून म्हणते, ये वं लवकर. पण आदल्या संध्याकाळी ये आणि मुक्कामाला राहा. सकाळी मी उठवीन तुला.